पुसलेली वेलांटी

विरसिंगचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हर्षाली पावरा नाशिकच्या कार्यालयात जेवायला बसत होती. धडगावच्या पलीकडून, नर्मदेच्या काठावरून तो बोलत होता. त्याने आधी फोनसमोर एक दाखला धरला. हिरव्या चौकटीत लिहिलं होतं की कर्मिला विरसिंग पावरा यांच्या बाळाला सिकलसेलचा धोका नाही, पुढील तपासणीची गरज नाही. मागे कर्मिला उभी होती. ती हसत होती आणि एक हात पोटावर होता. आईने शेजारी गूळ वाटायला सुरुवातही केली होती, असं विरसिंग म्हणाला.

हर्षालीने दोघांचं अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. डबा तिने उघडलाच नाही.

विरसिंग तिचा धाकटा भाऊ. दोघांहून मोठा आणखी एक भाऊ होता, गुलाब. सांधे धरून रडत रडत तो नवव्या वर्षी गेला, तेव्हा हर्षाली सहा वर्षांची होती. त्यानंतर घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. विरसिंग वाहक निघाला. कर्मिलाही वाहक होती, हे लग्नाआधीच दोन्ही घरांना ठाऊक होतं. कर्मिलाच्या वडिलांनी त्यावरून लग्न जवळजवळ मोडलं होतं. ‘आता पोटातच उपचार होतो’ एवढ्या एका आधारावर ते उभं राहिलं. अशा दोघांच्या बाळाला धोका नाही, असं गर्भजल न तपासता कोणीही म्हणू शकत नव्हतं.

हा आजार माणसाला आईबापांकडून मिळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि बारीक वाहिन्यांमधून सहज सरकतात. सिकलसेलमध्ये त्या कोयत्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि वाहिन्यांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य वेदना होतात. आई आणि बाप यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलं तर मूल फक्त वाहक होतं आणि सहसा ठणठणीत जगतं. दोघांकडून आलं तर आजार होतो. दोघे वाहक असले की दर गरोदरपणात चारात एक अशी ती शक्यता असते.

गेल्या काही वर्षांत त्यावर उपाय निघाला होता. आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त हाडांमध्ये तयार होत नाही, बराच काळ ते यकृतात तयार होतं. रक्त घडवणाऱ्या सगळ्या मूळ पेशी तेव्हा त्या एवढ्याशा यकृतात गोळा झालेल्या असतात. नाळेच्या शिरेतून औषधाचा एक थेंब सोडला की तो थेट तिथे पोचतो आणि त्यातली जनुक-कात्री जनुकातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त करते. पण साधारण बाविसाव्या आठवड्यानंतर या पेशी यकृत सोडून हाडांच्या पोकळ्यांमध्ये पांगू लागतात. मग तो थेंब त्यांना गाठू शकत नाही. औषध बनवायला अवघड होतं, म्हणून मोजकंच मिळे. कोणाच्या गर्भजलाची तपासणी करायची हे राज्याची एक संगणक-प्रणाली ठरवत असे. तिच्या डेटाची जबाबदारी ज्या तिघाचौघांवर होती, त्यांत हर्षाली होती.

तिने कर्मिलाची नोंद उघडली. पत्नी: वाहक. पती: सामान्य.

पहिल्यांदा तिला वाटलं, विरसिंगची तपासणी चुकून बदलली असेल. तिने नंदुरबार जिल्ह्याचा जुना डेटाबेस उघडला, जिथून हा सगळा डेटा नाशिकला आला होता. तिथे विरसिंगपुढे ‘वाहक’ असंच होतं. ‘सामान्य’ हा शब्द मात्र शेजारच्या कॉलममध्ये होता, कर्मिलाच्या वडिलांपुढे. त्या कॉलमचं नाव होतं ‘पिता’. विरसिंग ज्या कॉलममध्ये होता त्याचं नाव ‘पती’.

मग तिने नाशिकच्या प्रणालीतल्या कॉलमची नावं पाहिली. मात्रा उडालेले ते शब्द ती रोज पाहत होती आणि रोज त्यांच्यावरून नजर पुढे नेत होती. ‘माता’चं ‘मत’ झालं होतं, ‘गाव’चं ‘गव’. आणि एक कॉलम होता ‘पत’.

कागदावर ‘पि’ हे आपण एक अक्षर म्हणून लिहितो, संगणक मात्र ‘प’ आणि वेलांटी ही दोन वेगळी चिन्हं म्हणून साठवतो. डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना कॉलमच्या नावातली विशेष चिन्हं काढून टाकायची पद्धत असते, कारण कंस, टक्के, प्रश्नचिन्ह अशा गोष्टींवर पुढच्या यंत्रणा अडखळतात. इथला एक्स्पोर्टचा प्रोग्रॅम इंग्रजी वर्णमाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला होता. पुढे कोणीतरी त्याला देवनागरी अक्षरंही चालतील असं शिकवलं, पण काना, वेलांटी, उकार ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत, असाच त्याचा समज राहिला. त्याने ती काढून टाकली. ‘पिता’मधून काना आणि वेलांटी गेली, उरलं ‘पत’. ‘पती’मधून वेलांटी गेली, उरलं ‘पत’. एकाच नावाचे दोन कॉलम पाहून त्याने पहिला ठेवला आणि दुसरा सोडून दिला. नाशिकमध्ये प्रणाली जोडणाऱ्यांना बाळाच्या आजोबांची माहिती नकोच होती. त्यांनी ‘पत’ म्हणजे पती असं धरलं.

म्हणजे यंत्र प्रत्येक बाईच्या नवऱ्याच्या जागी तिच्या बापाचं रक्त धरत होतं.

हर्षाली तडक शर्वरी नाडकर्णींच्या खोलीत गेली. नाडकर्णी मॅडम ही प्रणाली चालवणाऱ्या केंद्राच्या संचालक होत्या. नोकरीसाठी हर्षालीची निवड त्यांनीच केली होती, आणि पहिल्या वर्षी तिला राहायला जागा मिळेना तेव्हा दोन महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि स्वतः दोन नोंदी तपासल्या. मग त्यांनी विचारलं की कॉलमची नावं मराठीत ठेवायची गरजच काय होती. हर्षालीने सांगितलं की तो डेटा उपकेंद्रांतल्या परिचारिका भरतात. आपण काय भरतोय ते त्यांना वाचता येतं, म्हणूनच जुन्या डेटाबेसात चुका सापडत नाहीत. चूक भरणाऱ्यांची नव्हती. ती वाटेत झाली होती.

मॅडमना ते पटलं. पण पुढचं त्यांना पेलवत नव्हतं. सगळ्या जिल्ह्यांचा डेटा पुन्हा आणायचा तर प्रणाली बंद ठेवावी लागणार होती. त्या काळात ज्यांच्या तपासण्या ठरल्या आहेत त्या अडकणार होत्या. शिवाय हिरवे दाखले घरोघरी पोचले होते. ते खोटे ठरले, की जे खरे आहेत त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रणालीची नवी आवृत्ती दीड महिन्याने येणार होती. दुरुस्ती तिच्यातच करावी, असं त्यांनी सुचवलं.

“दीड महिन्यात कितीतरी जणींचा बाविसावा आठवडा उलटून जाईल,” हर्षाली म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझ्या भावजयीचं नाव मी आत्ता हाताने यादीत घालते. उद्याच तपासणी होईल. नंदुरबारला औषध शिल्लक आहे, गरज पडली तर तेही तिच्यासाठी राखून ठेवता येईल.”

हर्षालीला गुलाब आठवला. आपण हो म्हणावं असं तिला मनापासून वाटलं, आणि ते तिने पुढे कधी नाकारलं नाही. पण तिला हेही दिसत होतं की एकदा ते नाव हाताने घातलं गेलं, की या खोलीत पुन्हा येऊन बाकीच्या बायकांसाठी भांडायला ती मोकळी राहणार नाही.

“नका घालू, मॅडम. सगळ्या जणी येतील, त्यांच्यात तीही येईल. मला फक्त एक आठवडा द्या. प्रणाली बंद करायची नाही, मी बाजूने दुसरी वाट काढते.”

मॅडम म्हणाल्या, की ठीक आहे, एक आठवडा.

तिने काढलेली वाट साधी होती. अडचणीचं चिन्ह पुसायचं नाही, त्याच्या जागी त्याचा आकडा लिहायचा. संगणकात प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला स्वतःचा क्रमांक असतो. ‘पिता’ हे नाव एक्स्पोर्टच्या दारातून जाताना आकड्यांची एक माळ होऊन जाईल आणि पलीकडे त्या माळेवरून अक्षर न अक्षर पुन्हा ‘पिता’ होईल. सोबत तिने एक पहारा बसवला: आलेलं नाव उलट फिरवून मूळ नावाशी जुळलं पाहिजे, आणि जेवढे कॉलम निघाले तेवढेच पोचले पाहिजेत. एक जरी कमी पडला, तरी प्रोग्रॅमने सगळं काम तिथेच थांबवायचं आणि आरडाओरडा करायचा. जुना प्रोग्रॅम गप्प बसला होता, तिला सर्वांत जास्त राग त्याचा होता.

एकेक जिल्हा तिने नव्या वाटेने आणला आणि जुन्या डेटाशी ताडून पाहिला. आठवडा संपायच्या आत मॅडमच्या टेबलावर तिचा हिशेब होता. राज्यभरात शंभरावर बायकांना खोटा हिरवा दाखला मिळाला होता. काहींची मुलं जन्मलीही होती. चाळीसेक जणी अजून मुदतीत होत्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक नंदुरबारच्या. उलटंही झालं होतं. बाप वाहक, पण नवरा सामान्य, अशा बायकांच्या पोटात गर्भजल काढायला गरज नसताना सुई घातली गेली होती, आणि त्या सुईने कधी कधी गर्भपातही होतो.

हे शेवटचं वाक्य मॅडमनी दोनदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, “दाखले रद्द. आजच जाहीर करू, माझ्या नावाने. चूक काय झाली ते मराठीत, सगळ्यांना कळेल असं तू लिही.” वरच्या कार्यालयातून त्यांना दुपारभर फोन येत राहिले. त्या प्रत्येकाला तेच उत्तर देत होत्या, की जाहीर झालं आहे, आता मागे घेता येणार नाही. हर्षालीला त्यांनी नंदुरबारला पाठवलं.

धरणामुळे तुंबलेल्या नर्मदेच्या फुगवट्यात अनेक पाडे पाण्याने वेढलेले आहेत. तिथे रस्ता जात नाही, बोटीवरचा दवाखाना जातो. ती बोट विरसिंग चालवत असे. हर्षाली धक्क्यावर पोचली तेव्हा त्याच्या कानावर सगळं गेलेलं होतं. नाव हाताने घालायचं ठरत होतं आणि बहिणीने ते नको म्हटलं, हेही. ते तिनेच फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं होतं.

घरात पावरी बोलीत बोलणं झालं. विरसिंगने आवाज चढवला नाही.

“एक नाव,” तो म्हणाला. “एक नाव घातलं असतंस तर कोणाचं काय गेलं असतं?”

“औषध मोजकं आहे, विरसिंग. आपण आधी घेतलं असतं तर कोणाचं तरी गेलं असतंच.”

“मग जाऊ दे ना. ते माझं कोण आहे?”

आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. कर्मिला आश्रमशाळेत शिकवत असे, आणि घरात मोठ्यांपुढे ती सहसा बोलत नसे. ती दारातून आत आली आणि नवऱ्याला म्हणाली, “ताईने नाव घातलं असतं तर आपलं बाळ वाचलं असतं, आणि समोरच्या काठावरची जमुना हिरवा दाखला छातीशी धरून बसली असती. तिला दवाखान्यात आणणारा तूच आहेस. तिच्या तोंडाकडे कसा बघणार होतास?”

विरसिंग उठून बाहेर गेला. त्यानंतर तो बहिणीशी बोलेनासा झाला.

तपासण्या बोटीवरच झाल्या. डॉक्टर तेजल गावित धडगावला नव्याने आल्या होत्या. हिरव्या दाखल्यांवर त्यांनी विश्वास ठेवला होता आणि ते त्यांना आता लागून राहिलं होतं. त्या पाड्यापाड्यांवर जात होत्या आणि हर्षाली त्यांच्यासोबत. आधी आनंदाची बातमी देऊन मग ती काढून घेणाऱ्या माणसांचं स्वागत कोण करणार? एका पाड्यावर म्हाताऱ्यांनी त्यांना बोटीतून उतरू दिलं नाही. तुमचं मशीन काल एक बोलतं, आज एक बोलतं, असं ते म्हणाले. हर्षाली काठावरच्या खडकावर बसली. खडूने तिने दगडावर ‘पिता’ लिहिलं, खाली ‘पती’ लिहिलं, आणि दोन्हींमधले काने-वेलांट्या बोटाने पुसल्या. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने उरलेलं मोठ्याने वाचलं. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, पण दोन वेगळ्या शब्दांचा उच्चार एकच झाला हे त्यांनी ऐकलं. त्यांच्यातला एक जण बराच वेळ हसत राहिला, आणि मग त्याने स्वतःच्या सुनेला बोलावलं. विरसिंग हे सगळं इंजिनापाशी बसून पाहत होता.

कर्मिलाच्या बाळाला आजार होता. अहवाल आला तेव्हा तिचा एकोणिसावा आठवडा चालू होता. आणखी नऊ जणींच्या बाळांना तो निघाला. औषधाच्या कुप्या सहा होत्या. ज्यांची मुदत आधी संपते त्यांना आधी, हा नियम डॉक्टरांनी पूर्वीच केलेला होता आणि हर्षालीने तो बदलायला सांगितलं नाही. कर्मिलाचा नंबर सातवा लागला. पुढच्या कुप्या तीन आठवड्यांनी येणार होत्या.

त्या सहा जणींना धडगावच्या रुग्णालयाकडे न्यायचं काम विरसिंगचं होतं. दुसऱ्या कोणाला बोट चालवायला देऊ, असं डॉक्टरांनी सुचवलं, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. पहिल्या फेरीत जमुना होती. वाऱ्याने पाणी उसळत होतं आणि ती बोटीचा काठ घट्ट धरून बसली होती. विरसिंगने इंजिन मंद केलं, लाटांना तिरपा छेद देत बोट एवढी हळू नेली की नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. धक्क्यावर त्याने तिला हात देऊन उतरवलं. परतताना तो पाण्याकडे पाहत होता. हर्षाली बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ती रडत होती हे त्याला दिसलं.

तीन आठवडे हर्षाली परत गेली नाही. नाशिकचं काम ती पाड्यावरून करत होती. रोज संध्याकाळी कर्मिलासोबत टेकडीपर्यंत चालायला जाई. एकदा कर्मिलाने विचारलं की कुप्या उशिरा आल्या तर काय. हर्षालीने जे खरं होतं ते सांगितलं: थोडा उशीर झाला तर थोड्या पेशी दुरुस्त होतील, फार झाला तर होणार नाहीत. कर्मिलाने मान हलवली आणि चालत राहिली.

कुप्या बाविसाव्या आठवड्याच्या शेवटी आल्या. डॉक्टर गावितांनी यकृताचं चित्र पडद्यावर पाहिलं, नाशिकच्या आणि पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवलं. त्यांचं एकमत होईना. काही पेशी अजून तिथे असाव्यात, असं एक म्हणाला. दुसऱ्याच्या मते आता काही उपयोग नव्हता. कर्मिला टेबलावर पडून सगळं ऐकत होती.

“करा,” ती म्हणाली. “उरलेल्या जेवढ्या असतील तेवढ्यांसाठी करा.”

हिवाळ्यात तिला मुलगी झाली. पहिले काही महिने बाळाच्या रक्तातून काही कळत नाही, कारण जन्माआधीचं रक्त अजून चालू असतं. सहाव्या महिन्यात तपासणी होते. त्या दिवसासाठी हर्षाली नाशिकहून आली. जमुनाचा मुलगा त्याच आठवड्यात तपासला गेला होता आणि त्याचं रक्त पूर्ण निरोगी निघालं होतं. त्याची बातमी सगळ्या काठावर पसरली होती.

बोट खालच्या पाड्याच्या धक्क्याला लागलेली होती. आत डॉक्टर गावितांनी अहवाल उघडला. कर्मिलाच्या मांडीवर मुलगी स्वतःची बोटं चोखत होती. विरसिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

डॉक्टरांनी सांगितलं की मूळ पेशी सगळ्या दुरुस्त झालेल्या नाहीत. चारांत एक झाली आहे. उरलेल्या तीन सदोषच राहतील. पण निरोगी पेशी जास्त दिवस टिकतात, वाकलेल्या लवकर मरतात, त्यामुळे अंगात फिरणाऱ्या रक्तात निरोगी पेशींचं पारडं जड राहील. तिला कधी थकवा येईल, ताप आला तर सांभाळावं लागेल, दर वर्षी तपासावं लागेल. पण गुलाबला व्हायच्या तसल्या वेदना बहुधा होणार नाहीत.

“बहुधा?” विरसिंगने विचारलं.

“बहुधा,” डॉक्टर म्हणाल्या. “याहून जास्त मी सांगितलं तर खोटं होईल.”

विरसिंग आत आला, वाकून मुलीचा तळपाय हातात धरला, आणि पुन्हा बाहेर गेला. हर्षाली बोटीतून उतरायला निघाली, कारण तपासणी संपली होती आणि बोटीला पुढच्या पाड्यावर जायचं होतं. धक्क्यावर पाय ठेवणार तोच त्याने इंजिन चालू केलं.

“कुठे निघालीस?” तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याने तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द होते. “बस. वरच्या पाड्यावर दोघी थांबल्यात. एकीला मशीनची भीती वाटते, समजवायला कोणीतरी पाहिजे.”

हर्षाली परत वळली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने दोर सोडला.